ललित कला पदवीचा नवा आराखडा : स्टुडिओच्या तासांचे काय?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी ज्या महाविद्यालयातून रेखा व रंगकलेची पदवी घेतली, तेथील माजी विद्यार्थ्यांकडे नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा सूचनांसाठी आला आहे. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण मसुदा अजून अंतिम झालेला नाही आणि त्यातील बहुतेक प्रश्न जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कला शिक्षणाला सारखेच लागू आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून श्रेयांकांची (क्रेडिटची) नवी रचना लागू होऊ लागली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशा त्याच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात आणि त्यांतून मुख्य विषयाबरोबरच गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव या सगळ्यांना वाटा द्यावा लागतो. वाणिज्याच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही विभागणी फारशी जाचणार नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तो मी मसुद्यातील तिसऱ्या सत्रावरून मांडतो.

एकूण श्रेयांक २२. त्यांपैकी मुख्य विषयाला १२, गौण विषयाला ४, आणि खुला ऐच्छिक, कौशल्य व भाषा यांना प्रत्येकी २. मुख्य विषयाच्या बारापैकी २ श्रेयांक कलेतिहासाच्या लेखी विषयाचे आहेत, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे उरले १०. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला दोन तास, या नियमाने आठवड्याला २० तास होतात. जुन्या वार्षिक पद्धतीत आम्ही सकाळी साडेदहाला वर्गात शिरत असू आणि जेवणाची सुट्टी सोडली तर पाच वाजेपर्यंत इझलसमोर असू. शनिवारचा अर्धा दिवस धरला तर ३० तासांच्या आसपास काम सहज होई. म्हणजे एक तृतीयांश वेळ गेला. एवढेच असते तर मी कदाचित धागा काढला नसता. हे २० तास व्यक्तिचित्र, रचनाचित्र, रेखांकन, निसर्गचित्र आणि मुद्राचित्रण (पत्रा वा ठोकळा कोरून कागदावर ठसे काढणे) अशा पाच स्वतंत्र विषयांत वाटले आहेत, प्रत्येक विषयाला दोन-दोन तासांच्या दोन तासिका आहेत, आणि प्रत्येकाचे अंतर्गत मूल्यमापन व सत्रान्त परीक्षा वेगळी आहे.

दोन तासांत तैलरंगातले व्यक्तिचित्र कसे करायचे, हे मला कोणी समजावून सांगावे. इझल लावणे, मॉडेलची बैठक ठरवणे, प्रकाश जुळवणे आणि पॅलेटवर रंग काढणे यांत वीस मिनिटे जातात. मॉडेलला सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बसवता येत नाही, मध्ये विश्रांती द्यावीच लागते. शेवटची पंधरा मिनिटे ब्रश धुण्यात आणि पुढच्या वर्गासाठी जागा मोकळी करण्यात जातात. हातात राहतात तीन बैठका, आणि डोळा चेहऱ्यावर जरा कुठे स्थिरावतो न स्थिरावतो तोच घंटा होते.

या विषयातील जाणकारांनी आणि विशेषतः सध्या शिकवणाऱ्यांनी मते मांडावीत, ही विनंती. जुने ते सारे सोने, असे माझे म्हणणे नाही.


शाडूमाती

तापीकाठ भाऊ, तुम्ही रंगाचे सांगितले, मी मातीचे सांगतो. धुळे तालुक्यात माझा मूर्तिकामाचा छोटा कारखाना आहे आणि शिक्षण शिल्पकलेचे आहे. माणसाचे मस्तक करायचे तर आधी लाकडी पाटावर सळई आणि तार यांचे आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, उभे करावे लागते, त्यावर माती चढवून ढोबळ घडण आणावी लागते, आणि मग कुठे कपाळ, गाल, हनुवटी यांची प्रतले शोधायला सुरुवात होते. काम थांबवताना त्यावर ओले किलतान आणि वरून प्लास्टिक गुंडाळावे लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. सोमवारी गुंडाळलेले मस्तक गुरुवारच्या तासिकेला उघडले तर कान आणि नाक यांच्या कडांना तडे गेलेले असतात, कारण मधले दोन दिवस त्यावर पाणी मारायला कोणी नसते. पहिला अर्धा तास माती पुन्हा मऊ करण्यात जातो. हे एकदा-दोनदा झाले की विद्यार्थी हुशारी करतो, थेट लहान आकाराचे काम निवडतो आणि तेच सत्राअखेर सादर करतो. दोष त्याचा नाही, वेळापत्रकच त्याला ते शिकवते.

प्लास्टरचा साचा काढण्याची गोष्ट तर विचारूच नका. प्लास्टर कालवले की ते तासिकेची घंटा ऐकत नाही.

आमच्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरसारख्या खेड्यात १९२५ साली जन्मलेला मुलगा जे. जे. स्कूलमध्ये जाऊन शिकला, पुढे अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम त्याने केले, आणि १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्याच राम सुतारांच्या हातून घडला. प्रत्येक वर्गातून राम सुतार निघणार नाहीत, हे मला कळते. परंतु त्या उंचीच्या कामाची सुरुवात ज्या सलग तासांतून होते, ते तासच आपण काढून घेणार असू तर निदान त्याची नोंद तरी व्हावी.


वर्गात_रोज

मी एका कला महाविद्यालयात अधिव्याख्याता आहे, त्यामुळे नाव देत नाही. दोघांनी मांडलेली अडचण खरी आहे, पण दोष ज्याच्या माथी मारला जात आहे त्याच्याकडे तो जात नाही, असे मला वाटते.

दोन-दोन तासांच्या तासिका धोरणात कुठेही लिहिलेल्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवीसाठी जो श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला, त्यात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात ३० तास, एवढेच सांगितले आहे. शिवाय अध्यापनाच्या प्रकारांत स्टुडिओतील कामाचा वेगळा उल्लेखही आहे. हे ३० तास आठवड्याला दोन असे वाटायचे की तीन आठवड्यांत रोज दोन असे सलग घ्यायचे, हा निर्णय वेळापत्रक करणाऱ्याचा आहे. पाच विषयांचे पाच तुकडे करण्याचाही आग्रह कुणी धरलेला नाही. दोन-दोन श्रेयांकांचे पाच विषय करण्याऐवजी सहा श्रेयांकांचा एक आणि चार श्रेयांकांचा एक, असे दोनच विषय करता येतात. राज्याच्या सर्वसाधारण आराखड्यात मुख्य विषयाला एकूण श्रेयांकांच्या किमान ५० टक्के वाटा असावा असे म्हटले आहे. त्यातील किमान हा शब्द आपण कमाल असल्यासारखा वाचतो.

मग तुकडे का होतात? एक तर विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेचा नमुना समोर ठेवून मसुदा तयार होतो, कारण संगणकातील तक्ता तसाच येतो आणि रकाने भरले की काम झाले असे वाटते. दुसरे कारण अधिक दुखरे आहे. पूर्णवेळ पदे रिक्त आहेत आणि बरेच अध्यापन तासिका तत्त्वावर येणाऱ्या शिक्षकांकडून होते. एक जण दोन गावांत दोन महाविद्यालये सांभाळतो, त्याला मंगळवारी सकाळी दोन तास आणि शुक्रवारी दोन तास सोयीचे पडतात. सलग सहा तास वर्गावर थांबायचे म्हटले तर त्याचा दुसरीकडचा दिवस बुडतो. तेव्हा सलग स्टुडिओ मागताना पूर्णवेळ पदे भरण्याची मागणी आधी करावी लागेल. तिच्याशिवाय पहिली मागणी कागदावरच राहील.

आणि जुन्या वार्षिक पद्धतीबद्दल एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. सकाळी साडेदहा ते पाच हे तास वर्गात किती जण खरोखर उभे असत? वर्षभर रमतगमत काम करायचे आणि मार्चमध्ये रात्रीचे जागरण करून कामांचा गठ्ठा पूर्ण करायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत होती. ज्युरीचे परीक्षक एका दुपारी शे-दीडशे कामांवरून नजर फिरवत आणि गुण का मिळाले वा का गेले, हे विद्यार्थ्याला कधीच कळत नसे. सत्र पद्धतीत निदान दर काही आठवड्यांनी काम पाहिले जाते आणि त्याची लेखी नोंद राहते. ही बाजू गमावू नये, एवढेच.


केळीची_बाग

मी कलावंत नाही, पालक आहे. आमची यावल तालुक्यात केळी आहे आणि धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे. तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाल्यामुळे दहावीला ७ गुण वाढून मिळाले, तेव्हा घरात चित्रकलेला पहिल्यांदा किंमत आली. आता तिला सीईटी देऊन याच शिक्षणाला जायचे आहे.

तुमच्या चर्चेतील तासांचे गणित मला समजले, पण आमच्या घरातील प्रश्न साधे आहेत. एका वर्षानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा उपयोग काय? मुलीला मध्येच थांबावे लागले, घरचे आजारपण असो वा केळीला भाव न मिळाल्याने फी न भरता येणे असो, तर ती परत येऊ शकते का? आणि हे शिक्षण घेऊन ती शाळेत चित्रकला शिक्षिका होऊ शकेल का?


वर्गात_रोज

ताई, तुमचे प्रश्न साधे नाहीत, सगळ्यांत महत्त्वाचे आहेत.

परत येण्याबाबत नवी रचना जुन्यापेक्षा चांगली आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पूर्वी दुसऱ्या वर्षात लग्न ठरले आणि मुलगी गेली की तिच्या हातात काहीच राहत नसे. आता मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे एबीसीमध्ये, जमा राहतात आणि साधारणपणे ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. पदविकेपर्यंत पोहोचून थांबलेली विद्यार्थिनी पुढे तेथूनच सुरुवात करू शकते. मात्र वर्षाअखेर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायचे असेल तर ४ श्रेयांकांचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात स्वतंत्र किंमत आहे, असे मी म्हणणार नाही. पहिले वर्ष पायाभूत असते. त्यात रेखांकन, रंगसिद्धान्त, त्रिमित रचना यांची ओळख होते, त्यावर कोणी नोकरी देत नाही. त्या अतिरिक्त ४ श्रेयांकांत मात्र स्क्रीन प्रिंटिंग, साइनबोर्डचे काम किंवा मूर्तिकाम असे एक हातात येणारे कौशल्य असेल तर त्या कागदाला अर्थ येईल. मसुद्यात तेथे फक्त "उचित कौशल्य अभ्यासक्रम" एवढेच लिहिलेले असते.


नाना_निवृत्त

शिक्षिका होण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे आयुष्य त्याच खुर्चीत गेले.

शाळेतील कला शिक्षकासाठी कला संचालनालयाची ए. टी. डी., म्हणजे कला शिक्षक पदविका, हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग. पदवी घेतलेल्यानेही भरतीच्या वेळी त्या पदाची पात्रता नेमकी काय मागितली आहे, हे पाहूनच अर्ज करावा. अडचण पात्रतेपेक्षा पदांची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व कार्य शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावेत, असे म्हटले आहे. अर्धवेळ हा शब्द एकदा कायद्यात बसला, आणि त्यानंतर कुठल्याही संस्थाचालकाने पूर्णवेळ चित्रकला शिक्षक हवा म्हणून शासनाशी भांडण काढलेले मी तरी पाहिले नाही. तेव्हा ताई, मुलीला जरूर शिकवा, परंतु केवळ शाळेची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून नको.

आता मूळ धाग्याविषयी. अभ्यासक्रम बदलतो आहे तर त्यात आपल्या मातीचे काय येणार आहे, हे कोणीच विचारलेले नाही, याचे मला नवल वाटते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष पंडित नेहरू होते आणि धनाजी नाना चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयारीचा भार उचलला होता. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि सांगितले की जे इथे मिळते त्यातूनच सारे उभे करायचे. त्यांनी बांबू आणि गावातील साधी सामग्री घेतली, गावच्याच कारागिरांना हाताशी धरले आणि नगर उभे केले. देशातील एका थोर चित्रकाराने स्थानिक साधनांतून काम कसे करावे याचा धडा आपल्या यावल तालुक्यात दिला. तेथून हाकेच्या अंतरावर, रावेर तालुक्यातील खिरोद्याला, पुढे सप्तपुट ललित कला भवन उभे राहिले. आणि आपल्या मुलांना नंदलाल बोस माहीत असतात ते बंगाल स्कूलच्या प्रकरणातील टीपेपुरते.


पुण्यात_पण_नंदुरबारचा

नानांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. मी उपयोजित कलेचा पदवीधर आहे आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचे काम करतो. माझ्याकडे नोकरीसाठी येणाऱ्या मुलांच्या मुलाखती मी घेतो. तिथे कोणी श्रेयांक पाहत नाही, स्टुडिओचे तासही पाहत नाही. पोर्टफोलिओ पाहतात आणि त्यामागचा विचार मुलाला सांगता येतो का, हे पाहतात. खान्देशातून येणाऱ्या मुलांचे रेखांकन पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा कमी नसते, अनेकदा सरसच असते. ते अडतात बोलण्यात, आपल्या कामाविषयी चार ओळी लिहिण्यात आणि कामाचा दर सांगण्यात. त्यामुळे गौण आणि ऐच्छिक विषयांचे ते ६ श्रेयांक मला वाया गेलेले वाटत नाहीत. त्यांत हिशेब, कॉपीराइट, कंत्राट कसे करावे, लेखन हे विषय आले तर मुलांचे भलेच होईल.

फैजपूरचा इतिहास अभिमानाचा आहे, परंतु अभिमानाचा विषय करून त्यावर बहुपर्यायी प्रश्न काढले की त्याचे काय होते, हे आपण शाळेत पाहिले आहे.


तापीकाठ

नंदुरबारकर, तुमचा शेवटचा मुद्दा नेमका आहे आणि मसुद्यात तसेच घडले आहे. भारतीय ज्ञानप्रणालीचे २ श्रेयांक आहेत. त्याखाली षडंग (चित्रकलेची सहा अंगे), चित्रसूत्र (चित्रकलेवरचा जुना संस्कृत ग्रंथभाग), चौसष्ट कला अशी नामावळ देऊन "व्याख्याने व चाचणी" असे लिहिले आहे. अजिंठा आपल्या जळगावहून साठ किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीने सकाळी निघालेला वर्ग दुपारी लेण्यांत बसून रेखांकन करू शकतो. आणि आम्ही षडंगाच्या सहा अंगांची नावे पाठ करून घेणार.

या दोन श्रेयांकांतून काय करता येईल, याचे एक उदाहरण देतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखालचा गिलावा मातीचा आहे. त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळले आहेत, त्यावर चुन्याचा पातळ थर आहे आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग चिकट माध्यमातून लावले आहेत. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना माती, भुसा आणि शेण यांचे मिश्रण कसे मळायचे, भिंतीला तडा जाऊ नये म्हणून ते किती दिवस मुरू द्यायचे, हे सांगणारी माणसे अजून भेटतील. दोन बाय दोन फुटांच्या फळीवर हा गिलावा प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करावा, वाळवावा, त्यावर लेण्यातील एखाद्या हाताचे वा डोळ्याचे रेखांकन उतरवून रंगवावे, आणि गिलावा कुठे सुटला, का सुटला, हे वहीत लिहावे. ३० तासांत हे नीट बसते. परीक्षक त्या फळीवर बोट ठेवून गुण देऊ शकतो, आणि त्याविषयी बोलता-लिहिताही येईल, म्हणजे तुमची मागणीही पुरी होईल.

थोडे विषयांतर करतो, पण ते इथलेच आहे. १८७२ पासून पुढे अनेक वर्षे जे. जे. स्कूलचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. म्हणजे राज्यातील पहिल्या कलाशाळेचा एक मोठा स्टुडिओ प्रत्यक्षात आपल्या शेजारच्या डोंगरातच भरत होता. त्यांच्याही आधी, १८४४ पासून, मेजर रॉबर्ट गिल यांनी हेच काम केले. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या आणि त्यांची स्वतःची कबर भुसावळला आहे. भुसावळच्या किती कला विद्यार्थ्यांनी ती पाहिली असेल?


चाळीसगावची

मुद्राचित्रणाचा उल्लेख झाला, त्यावरून छायाचित्रणाविषयी लिहिते. आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांचे संग्रहालय आहे, रेल्वे स्थानकापासून जवळच. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून डोंगर, बर्फ, समुद्र भासवणारी त्यांची टेबल टॉप छायाचित्रे एकदा पाहिली की प्रकाश आणि प्रमाण यांविषयी जे कळते, ते महागडा कॅमेरा घेऊन कळत नाही. छायाचित्रणाचा २ श्रेयांकांचा खुला ऐच्छिक विषय याच पद्धतीने घेता येईल, आणि तो इतर शाखांच्या मुलांनाही देता येईल.


शाडूमाती

हे सगळे पटते, पण मुद्राचित्रणाच्या तासांवर एकदा नजर टाका. जस्ताच्या पत्र्यावर ग्राउंड, म्हणजे आम्ल रोखणारा लेप, लावायचा, सुईने रेषा काढायची, आम्लात पत्रा बुडवून किती वेळ चावू द्यायचा ते पाहायचे, मग धुऊन शाई भरायची, पुसायची, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. पहिला ठसा निघेपर्यंत दोन तास संपतात आणि पहिला ठसा कधीच बरोबर नसतो. शिकणे सुरू होते ते दुसऱ्या ठशापासून. स्थानिक विषय जरूर आणा, पण तेही दोन-दोन तासांच्या तुकड्यांत टाकले तर त्यांची गतही हीच होईल. केळीच्या खोडाचा कागद करायचा म्हटला तर खोड कापणे, धागा काढणे, शिजवणे, कुटणे, लगदा चाळणीवर उचलणे, यांतले कुठले काम घंटेवर थांबवणार?


केळीची_बाग

खोडे हवी तेवढी न्या. घड काढल्यावर ती आम्हाला बाहेर टाकायलाच मजुरी द्यावी लागते.


वर्गात_रोज

खोडाच्या कागदाचा विषय व्यावसायिक कौशल्याच्या रकान्यात चपखल बसतो आणि ताईंसारख्या शेतकऱ्यांकडे क्षेत्रीय प्रकल्पही होऊ शकतो, म्हणजे एकाच कामाला दोन ठिकाणचे श्रेयांक मिळून तासही सलग होतात. नियमांत राहून तास वाचवण्याची हीच युक्ती आहे. गौण विषय इतिहास किंवा मानसशास्त्र असा बाहेरचा घेण्याऐवजी रंगकलेच्या विद्यार्थ्याला शिल्पकला किंवा मुद्राचित्रण हा गौण विषय देता आला, तर ते ४ श्रेयांकही स्टुडिओतच राहतात. आठवड्याला आणखी ८ तास झाले, म्हणजे २० चे २८. तापीकाठ भाऊंच्या जुन्या तिसाच्या अगदी जवळ. त्यासाठी धोरण बदलावे लागत नाही, फक्त अभ्यास मंडळाने गौण विषयांची यादी तशी मंजूर करून विद्या परिषदेकडे पाठवावी लागते. अनेक ठिकाणी हे होत नाही, कारण एकाच महाविद्यालयात दोन विभाग चालवण्याइतके शिक्षक नसतात.

नंदुरबारच्या दादांचे हिशेब-कॉपीराइट २ श्रेयांकांच्या ऐच्छिकात ठेवावेत. ते हवेतच.


नाना_निवृत्त

ज्युरीबद्दल एक सूचना. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्याच हाती राहिले तर गावातल्या गावात काय चालते, हे मला ठाऊक आहे. सत्रातून एकदा तरी बाहेरचा एक चित्रकार वा शिल्पकार वर्गात येऊन, विद्यार्थी समोर उभा असताना, कामावर बोलला पाहिजे आणि त्याचे बोलणे लेखी राहिले पाहिजे. मानधन नसेल तर येण्या-जाण्याचा खर्च द्या. येणारे येतील.


तापीकाठ

सर्वांचे आभार. चर्चेतून जे निघाले ते अभ्यास मंडळाला द्यायच्या निवेदनात पुढीलप्रमाणे घालत आहे. मुख्य विषयाचे दहा प्रात्यक्षिक श्रेयांक पाचऐवजी दोन विषयांत ठेवावेत आणि आठवड्यातील किमान तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच कामासाठी मोकळे असावेत. शिल्पकला व मुद्राचित्रण यांना गौण विषयांच्या यादीत स्थान द्यावे. भारतीय ज्ञानप्रणालीचे मूल्यमापन चाचणीऐवजी गिलाव्याच्या फळीवर आणि नोंदवहीवर व्हावे. बाहेर पडण्याच्या पायरीवरील ४ श्रेयांकांत कोणते कौशल्य शिकवणार, हे नावानिशी छापावे. प्रत्येक सत्रात एक बाह्य ज्युरी विद्यार्थ्यासमोर व्हावी. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्याच परिच्छेदात, पूर्णवेळ पदे भरण्याची मागणी.

फैजपूरचा संदर्भ गौण विषयाच्या मागणीत जोडतो. नानांनी त्याचा मजकूर लिहून दिला तर बरे होईल.


वर्गात_रोज

एक करा. निवेदनासोबत सोमवार ते शनिवारचे भरलेले वेळापत्रक जोडा, आहेत त्याच शिक्षकांच्या संख्येवर बसवलेले, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे दिवस त्यात वेगळ्या रंगाने दाखवा. "सलग वेळ द्यावा" एवढेच लिहिले तर बैठकीत "व्यवहार्य नाही" हे दोन शब्द लिहून ते बाजूला ठेवले जाईल. समोर वेळापत्रक असले की ते का जमत नाही, हे त्यांना सांगावे लागते.


नाना_निवृत्त

मजकूर आज रात्री पाठवतो. वेळापत्रकात शनिवार अजिंठ्यासाठी मोकळा ठेवा, सोमवारी लेणी बंद असतात.